दप्तराबाहेरचा सामुराई

मासाकी कोबायाशी यांच्या 'सेप्पुकु' या चित्रपटाचा आरंभ एका रोजनिशीने होतो. इ. स. १६३०, जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा तेरावा दिवस. एदो नगरातील, म्हणजे आजच्या तोक्योतील, ई नामक बलाढ्य सरदार घराण्याच्या वाड्यात दिवसभरात काय घडले ते त्या वहीत क्रमाने लिहिले आहे. हवामानाची नोंद आहे. वाड्यातल्या नित्य व्यवहाराची नोंद आहे. एक निराश्रित सामुराई दारी आला व वाड्याच्या अंगणात विधिपूर्वक पोट चिरून मरण्याची अनुज्ञा त्याने मागितली, ही हकीकतही त्याच सपाट स्वरात नमूद आहे. सव्वादोन तासांनी चित्रपट संपतो तोही त्याच वहीतल्या मजकुराने. मधल्या काळात अंगणात जे रक्त सांडले आणि एका घराण्याच्या अब्रूची जी लक्तरे निघाली, त्यांचा त्या मजकुरात मागमूस नाही. कोबायाशी यांनी आयुष्यभर जे काम केले त्याचे बीज या दोन नोंदींच्या मधल्या जागेत आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांचे दिवस फायली, टिपणे आणि आवक-जावक यांत जातात, त्या आमच्यासारख्या वाचकवर्गास या दिग्दर्शकाची ओळख करून घेण्याचे एक अधिक कारणही त्यातच आहे.

सामुराईपट म्हटला की आपल्याकडे प्रथम आठवतात ते आकिरा कुरोसावा, आणि ते यथायोग्यच होय. १९५१ साली 'राशोमोन'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी बोलपटाकडे जगाचे लक्ष वेधले. १९५४ च्या 'सात सामुराई'ने ते कायम केले. त्या मानाने कोबायाशी यांचे नाव आपल्या रसिकांच्या तोंडी क्वचितच येते. त्यांचे निखळ सामुराईपट मोजू गेल्यास एका हाताची बोटेही पुरी लागत नाहीत. तथापि त्यांतील दोन असे आहेत की, ते पाहिल्यावर तलवारबाजीचे इतर शंभर चित्रपट पाहताना मन पूर्वीसारखे निःशंक राहत नाही. त्या दोहोंपर्यंत हा गृहस्थ कसा पोहोचला, हे पाहणे अगत्याचे आहे; कारण तो तलवारीच्या वाटेने तेथे गेलेला नाही.

कोबायाशी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९१६ रोजी उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या ओतारु या बंदरगावी झाला. तोक्योच्या वासेदा विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य कलेचा व तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. तेथे आइझु याइची हे कवी व प्राचीन कलेचे व्यासंगी त्यांना गुरू म्हणून लाभले. कलेतिहासाच्या संशोधनातच आयुष्य घालवावे असा त्यांचा मनोदय होता. परंतु युद्ध दाराशी आले होते. संशोधनात काही भर घालायची तर वर्षानुवर्षांची तपश्चर्या हवी, आणि उद्याचा दिवस उगवेल की नाही याचीच शाश्वती नाही. चित्रपटात निदान काहीतरी मागे ठेवून जाता येईल, असा विचार करून आपण या धंद्यात आलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९४१ साली ते शोचिकु या कंपनीच्या ओफुना येथील चित्रशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. आठ महिने झाले नाहीत तोच, १९४२ च्या जानेवारीत, त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले.

त्यांची रवानगी मांचुरियात झाली, व १९४४ साली तेथून दक्षिणेकडील मियाको बेटावर. या सैनिकी आयुष्यातली एकच गोष्ट आम्ही येथे सांगतो, परंतु तिच्यात मनुष्य दिसतो. पदवीधर असल्याने बढती मिळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती नाकारली, आणि अखेरपर्यंत साध्या शिपायाच्या पायरीवरच राहणे पसंत केले. युद्धास त्यांचा विरोध होता. बंदूक टाकून देता येत नव्हती. तेव्हा जे एवढे हाती होते ते त्यांनी केले. ज्या सैन्यात वरचा खालच्याला बडवतो व तो आपल्या खालच्याला, तेथे सर्वांत खालच्या पायरीवर स्वखुशीने उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने बढतीच्या यादीकडे डोळे लावून वर्षे काढली आहेत त्यास चटकन यावी. शरणागतीनंतर सुमारे एक वर्ष ते ओकिनावात युद्धकैदी होते. १९४६ च्या अखेरीस ते चित्रशाळेत परतले, आणि केइसुके किनोशिता या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली पुन्हा साहाय्यकी करू लागले.

स्वतंत्रपणे चित्र काढण्याची संधी १९५२ साली आली. पहिली एकदोन चित्रे गुरूच्या वळणाची, घरगुती व हळुवार आहेत. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. मात्र १९५३ साली कोबायाशी यांनी 'जाड भिंतींची खोली' हा चित्रपट तयार केला. जपानच्या पराभवानंतर युद्धगुन्हेगार म्हणून जे कनिष्ठ दर्जाचे सैनिक कैदेत पडले होते, त्यांच्या दैनंदिन्यांवर तो आधारलेला होता, व कोबो आबे यांनी त्याची पटकथा लिहिली होती. हुकूम देणारे सुटले आणि हुकूम पाळणारे आत गेले, ही त्यातली व्यथा. अमेरिकेचा रोष ओढवेल या धास्तीने कंपनीने तो अडवून धरला. काही भाग कापा म्हणजे मार्ग मोकळा होईल, असे सुचवण्यात आले. कोबायाशी यांनी कात्री लावण्याचे नाकारले. चित्र तीन वर्षे कपाटात पडून राहिले आणि १९५६ साली पडद्यावर आले. मधल्या काळात त्यांना पुन्हा सौम्य कौटुंबिक चित्रे काढून पोट भरावे लागले. कैद्यांनी लिहिलेले कागद आणि ते लोकांपुढे येऊ न देणारे कपाट, हा अनुभव त्यांच्या जिव्हारी लागला असावा. कारण पुढे त्यांच्या उत्तम चित्रांत हे दोन्ही फिरून फिरून येतात.

त्यानंतर १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत त्यांनी 'निन्गेन नो जोकेन' हे त्रिखंडात्मक चित्र पुरे केले. जुन्पेइ गोमिकावा यांच्या सहा भागांच्या कादंबरीवर आधारलेले हे चित्र साडेनऊ तासांचे आहे. त्याचा नायक काजी हा मांचुरियातल्या खाणीवर चिनी वेठकऱ्यांचा देखरेखनीस म्हणून जातो, त्यांच्याशी माणुसकीने वागू पाहतो, त्यापायी सैन्यात ढकलला जातो, आणि अखेर रशियनांच्या कैदेतून पळून बर्फात मरून पडतो. काजी म्हणजे आपणच, असे कोबायाशी म्हणत. नायकाची भूमिका करणारे तात्सुया नाकादाई हे नट पुढे त्यांच्या चित्रांचे जणू प्राणच झाले. चित्र थोर आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु साडेनऊ तासांत काजी इतक्या वेळा आपले मन बोलून दाखवतो की, दिग्दर्शकाने प्रेक्षकावर थोडा अधिक विश्वास टाकावयास हवा होता असे वाटत राहते. कोबायाशी यांना बोलण्याची हौस होती. तिला लगाम बसला तो ते तीनशे वर्षे मागे गेल्यावर, जेथे माणसे नियमाने मांडी घालून बसतात व नियमानेच तोंड उघडतात.

येथे सामुराई या प्राण्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण चित्रपटांनी त्याच्याविषयी पुष्कळ गैरसमज पसरवले आहेत. १६०० साली सेकिगाहाराच्या रणात तोकुगावा इएयासु विजयी झाला. १६०३ साली तो शोगुन, म्हणजे सर्व देशाचा सेनापती व खरा सत्ताधीश, बनला. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडल्यावर मोठे युद्ध असे उरले नाही. त्यापुढली अडीचशे वर्षे सामुराई कमरेला दोन तलवारी लावून मुख्यतः दप्तरे सांभाळीत होता. त्याला धन्याकडून तांदळाच्या मापात वेतन मिळे. पहारे, कोठारे, जमाखर्च, जमीनमहसूल, मिरवणुकांची व्यवस्था, ही त्याची कामे. बुशिदो म्हणून ज्या क्षात्रधर्माचा डंका वाजतो त्याची पुष्कळशी सूत्रे या शांततेच्या काळात, लढाई कधीही न पाहिलेल्या माणसांनी रचली आहेत. आणि परदेशी वाचकांना तो धर्म ज्या पुस्तकाने परिचित झाला ते नितोबे यांचे पुस्तक तर १९०० च्या सुमाराचे व इंग्रजीत लिहिलेले. थोडक्यात, हा योद्धा फार काळ कारकूनच होता.

या कारकुनाच्या दिनचर्येविषयी एक मौजेची गोष्ट आहे. 'सात सामुराई' लिहिण्यापूर्वी कुरोसावा व त्यांचे पटकथाकार शिनोबू हाशिमोतो यांनी निराळाच बेत केला होता: एका सामान्य सामुराईचा एक दिवस दाखवायचा. सकाळी तो कामावर जातो, त्याच्या हातून एक चूक घडते, आणि रात्री तो पोट चिरून घेतो. हाशिमोतो महिनोन् महिने ग्रंथालयांत बसले. परंतु त्या काळचा सामुराई दुपारचे जेवण घरून बांधून नेई की कसे, किंबहुना तो दिवसातून दोनदा जेवे की तीनदा, याचाच पक्का दाखला मिळेना. बेत सोडून द्यावा लागला. लढायांच्या हकीकती विपुल, आणि माणूस दुपारी काय खात असे त्याची वानवा. हेच हाशिमोतो पुढे कोबायाशी यांचे पटकथाकार झाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शांततेची किंमतही कोणीतरी मोजतच होते. शोगुनाची मर्जी खप्पा झाली, वारस नसला, किंवा नियमाचा भंग झाला, की सरदारांची घराणी खालसा होत. १६१९ साली हिरोशिमाच्या फुकुशिमा घराण्यावर परवानगीवाचून किल्ल्याची डागडुजी केल्याचा ठपका आला व त्यांचा प्रांत गेला. धनी बुडाला की त्याच्या पदरचे सामुराई एका दिवसात 'रोनिन', म्हणजे बिनधन्याचे भटके, होत. त्यांना दुसरी चाकरी मिळणे दुरापास्त, आणि हातात हत्याराखेरीज दुसरी विद्या नाही. असे सहस्रावधी लोक शहरांतून उपाशी फिरत होते. १६५१ साली त्यांचा एक कट उघडकीस आला, तेव्हा कोठे राज्यकर्त्यांना वारसाचे नियम सैल करण्याची बुद्धी सुचली.

'सेप्पुकु'चा नायक त्सुगुमो हान्शिरो हा त्या बुडालेल्या फुकुशिमा घराण्याचाच रोनिन. मूळ कथा यासुहिको ताकिगुची यांची, पटकथा हाशिमोतो यांची, आणि १९६२ च्या सप्टेंबरात चित्र प्रकाशित झाले. हान्शिरो ई घराण्याच्या वाड्यात येतो, आणि लाजिरवाण्या जिण्यापेक्षा येथे सन्मानाने मरू द्यावे अशी विनंती करतो. वाड्याचा कारभारी साइतो कागेयु त्याला सावध करतो. असे सांगत येणारे बहुतेकजण काही पैसे मिळावेत किंवा चाकरी मिळावी या आशेनेच येतात, हे त्यास ठाऊक आहे. काही महिन्यांपूर्वी चिजिइवा मोतोमे नावाचा एक तरुण असाच आला होता. त्याने एकदोन दिवसांची मुदत मागितली; ती नाकारण्यात आली. त्याच्या म्यानांत बांबूची पाती निघाली, कारण खरी पाती त्याने केव्हाच विकून टाकली होती. सामुराईने आपल्या तलवारीने मरावे असा नियम. मग बांबूनेच मरा, असा निर्णय झाला. तो प्रसंग कोबायाशी यांनी जेवढा वेळ दाखवला आहे तेवढा वेळ पाहणे कठीण जाते. आणि साइतो हे सारे हान्शिरोला सांगतो ते एखाद्या जुन्या प्रकरणाचा दाखला द्यावा तसे.

हान्शिरो मोतोमेचा सासरा आहे, हे आपल्याला हळूहळू कळते. तत्पूर्वी एक सुंदर गोष्ट घडते. पोट चिरणाऱ्याचे मस्तक उडवण्यासाठी एक साहाय्यक लागतो. हान्शिरो अमुक एका वीराची मागणी करतो. तो त्या दिवशी आजारी म्हणून गैरहजर असतो. दुसऱ्याचे नाव घेतो, तोही आजारी. तिसराही आजारी. साइतोच्या चेहऱ्यावर पहिली सुरकुती उमटते ती या तीन रजांमुळे. (आजारीपणाच्या रजेचे अर्ज ज्यांच्या टेबलावरून जातात, त्यांस या जागी जे हसू येईल ते इतरांस येणार नाही.) या तिघांनीच मोतोमेवर बांबूची सक्ती करण्यात पुढाकार घेतलेला असतो, आणि हान्शिरोने प्रत्येकाला गाठून ठार न मारता केवळ त्याची शेंडी कापून घेतलेली असते. शेंडी जाणे हे सामुराईला मरणाहून लाजिरवाणे. ती वाढेपर्यंत तिघे वीर घरी पांघरूण घेऊन बसलेले! त्या तीन शेंड्या हान्शिरो अंगणातल्या पांढऱ्या वाळूवर फेकतो. सबंध चित्रातला खरा वार हाच होय. त्यानंतरची लढाई म्हणजे त्यावरचे भाष्य.

हान्शिरो मोतोमेची कैफियत मांडतो तीही न्यायासनापुढे मांडावी तशी, पायरीपायरीने. मूल तापाने फणफणले होते, वैद्याला द्यावयास काही नव्हते, म्हणून तो आला होता; मुदत हवी होती ती घरी सांगून येण्यासाठी. तुमच्यापैकी एकानेही त्याला कारण का विचारले नाही, एवढाच हान्शिरोचा प्रश्न आहे. मोतोमेने बायकोमुलासाठी तलवारी विकल्या. आपल्याला मात्र ते कधी सुचलेच नाही, आपण त्या निरर्थक वस्तूला कवटाळून बसलो, हे हान्शिरोला जावयाच्या प्रेतापाशी कळते. सामुराईपटाच्या नायकाने आपल्या तलवारीकडे पाहून असे रडावे, ही त्या काळी जवळजवळ पाखंडाची गोष्ट होती.

मग झुंज होते. चौघे मरतात, आठ जबर जखमी होतात. बाहेर रण माजले असता साइतो आत एकटा, ताठ बसून राहिलेला दिसतो. देवघरासारख्या दालनात घराण्याचे पूर्वापार चिलखत मांडलेले आहे. हान्शिरो ते उचलून पुढे धरतो, आणि आत पोकळी आहे हे साऱ्यांना दिसते. अखेर तलवारीचा अभिमान मिरवणाऱ्या या घराण्याला त्याच्यावर बंदुका रोखाव्या लागतात. आणि मग साइतो हुकूम देतो. मेलेले आजाराने मेले. शेंडी गेलेल्यांनीही मेलेच पाहिजे, तेही आजाराने. हान्शिरोने पोट चिरून घेतले. अंगण धुतले जाते, चिलखत पुन्हा जागेवर बसते, वही बंद होते. घराण्याने हे प्रकरण फार चोख हाताळले अशी वाहवाही त्या वहीत नमूद होते.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना, असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ पाहील, तर ई घराण्याचाच खरा इतिहास आडवा येतो. १८६० साली या घराण्याचा प्रमुख ई नाओसुके, जो त्या वेळी शोगुनाचा सर्वांत श्रेष्ठ अधिकारी होता, एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर भरदिवसा बर्फात मारला गेला. मारेकऱ्यांनी त्याचे शीर कापून नेले. शहरभर बभ्रा झाला. परंतु वारसाची रीतसर व्यवस्था होण्यापूर्वी प्रमुख असा मारला गेल्यास घराणे बुडण्याचे भय; तेव्हा दप्तरी तो जखमी होऊन अंथरुणावर पडला असल्याचे लिहिले गेले, सरकारनेही ते मान्य केले, आणि त्याचा मृत्यू कित्येक आठवड्यांनंतरचा दाखवण्यात आला. शीर नसलेला मनुष्य कागदोपत्री औषधपाणी घेत होता! १६३० ची गोष्ट कल्पित असेल. ती ज्या हाताने लिहिली गेली तो हात कल्पित नव्हता.

आपल्याकडे राजवाड्यांपासून बखरीवर अस्सल कागदाचे वर्चस्व मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अस्सल कागदही कोणाच्यातरी हुकुमाने कोणीतरी लिहिलेला असतो, ही गोष्ट 'सेप्पुकु' पाहिल्यावर जितकी अंगावर येते तितकी इतिहासशास्त्रावरील ग्रंथ वाचून येत नाही. वही लिहिणाऱ्या कारकुनाचा चेहरा कोबायाशी यांनी ठळकपणे दाखवलेला नाही. त्याला काय वाटले असेल, हे आम्ही मात्र फार वेळ मनात घोळवीत राहिलो. तो त्या दिवशी अंगणात असेल काय? ओरडणे तर त्याने ऐकलेच असणार.

चित्राची मांडणीही या आशयाला शोभेशी आहे. योशिओ मियाजिमा यांचा कॅमेरा त्या वाड्याचे ओसरीमागून ओसरी असे सरळ रेषांचे जाळे दाखवतो, आणि माणसे त्यात सोंगट्यांसारखी बसवलेली दिसतात. तोरु ताकेमित्सू यांनी बिवा या जुन्या तंतुवाद्याचे मोजके, तुटक आघात वापरले आहेत. माळावरच्या द्वंद्वात खऱ्या तलवारी वापरल्या होत्या असे नाकादाई यांनी पुढे सांगितले आहे. पडद्यावर त्यांचा जो सावधपणा दिसतो तो सर्वस्वी अभिनय नसावा! प्रौढ सासऱ्याचे काम करताना नाकादाई स्वतः तिशीतही पोहोचले नव्हते. १९६३ साली कान येथील महोत्सवात या चित्रास परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

दुसरा चित्रपट १९६७ सालचा. त्याचे जपानी नाव 'जोइउची : हाइर्यो त्सुमा शिमात्सु' असे आहे, आणि त्याचा अर्थ साधारणपणे 'बहाल केलेल्या पत्नीचे प्रकरण' असा होतो. नावच फायलीवर लिहावे तसे! कथा ताकिगुची यांची व पटकथा हाशिमोतो यांचीच. नायकाच्या भूमिकेत तोशिरो मिफुने. अठराव्या शतकातल्या आइझु संस्थानातला इसाबुरो हा तलवारबाजीत निष्णात, पण घरजावई म्हणून आलेला व वीस वर्षे बायकोचा धाक सोसत आलेला मध्यमवयीन चाकर आहे. शांततेच्या काळात त्याची तलवार गवताच्या बाहुल्यावर चालते. धन्याच्या मर्जीतून उतरलेली इची ही उपस्त्री त्याच्या मुलाच्या गळ्यात मारली जाते. कुटुंब कुरकुरत ते पत्करते. आणि मग अनपेक्षितपणे त्या नवराबायकोचे एकमेकांवर खरेखुरे प्रेम जडते, त्यांना मुलगी होते. काही काळाने धन्याचा वारस मरतो; इचीला धन्यापासून झालेला मुलगा आता वारस ठरतो; तेव्हा वारसाची आई सामान्य घरात नांदणे शोभत नाही, सबब पत्नी परत करा, असा हुकूम सुटतो. दिलेली वस्तू परत मागावी तसा.

येथे कोबायाशी यांनी फार खुबीने दाखवले आहे ते असे की, वरिष्ठांना जबरदस्ती करायची नाही. त्यांना अर्ज हवा आहे. कुटुंबाने आपण होऊन पत्नी परत घेण्याची विनंती केली, असा कागद त्यांना दप्तरी लागतो. इसाबुरो तो कागद देत नाही. वीस वर्षे मान खाली घालून राहिलेला मनुष्य मुलाच्या व सुनेच्या त्या प्रेमाकडे पाहून उभा राहतो, आणि आयुष्यात प्रथमच आपण जिवंत असल्यासारखे वाटते असे म्हणतो. परिणाम अटळ आहे. सून व मुलगा मरतात. इसाबुरो तान्ह्या नातीला घेऊन एदोकडे, सारी हकीकत जगासमोर मांडण्यासाठी, निघतो. संस्थानाच्या वेशीवर त्याचा मित्रच पहारेकरी आहे. कर्तव्य म्हणून दोघे लढतात आणि मित्र पडतो. त्यानंतर दडून बसलेले बंदूकधारी इसाबुरोला टिपतात. एदोला हकीकत पोहोचतच नाही. नातीला तिची दाई उचलून नेते, एवढीच काय ती शिल्लक. 'सेप्पुकु'त खोटी नोंद झाली. येथे तर नोंदच नाही. आम्हांस हे चित्र पहिल्याहून थोडे उणे वाटते, कारण शेवटची झुंज मिफुने यांच्या लौकिकासाठी लांबवल्यासारखी झाली आहे. पण त्यातले इचीचे व इसाबुरोचे माणूसपण पहिल्याहून अधिक ऊबदार आहे. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांनी या चित्राचा गौरव केला.

या दोहोंच्या मध्ये, १९६४ च्या अखेरीस, लाफ्काडिओ हर्न यांच्या भूतकथांवरचे 'क्वाइदान' हे रंगीत चित्र येऊन गेले. विमानांच्या जुन्या शाळेत आकाशासकट सारे देखावे रंगवून उभारले होते. दृश्यसौंदर्याला तोड नाही. कान येथे त्यालाही पारितोषिक मिळाले, परंतु निर्मात्या संस्थेचे कंबरडे खर्चाने मोडले. तो काळच फिरत होता. १९५८ साली जपानात चित्रपटांची ११२ कोटींहून अधिक तिकिटे खपली होती; दूरचित्रवाणी घरोघर आली आणि सातच वर्षांत हा आकडा सुमारे एक तृतीयांशावर घसरला. कोबायाशी यांच्यासारख्या खर्चिक व हट्टी माणसाला कोण पैसा देणार? १९६९ साली कुरोसावा, किनोशिता, कोन इचिकावा आणि कोबायाशी या चौघांनी मिळून स्वतःची संस्था काढली. तिचा पहिलाच चित्रपट, कुरोसावांचा 'दोदेस्कादेन', १९७० साली आपटला. १९७१ साली कोबायाशी यांनी एदोकाळातल्या चोरट्या व्यापाऱ्यांवर आणखी एक चित्र काढले. त्यानंतर सामुराईपट नाही.

मात्र नोंदवही सुटली नाही. १९८३ साली त्यांचा 'तोक्यो खटला' हा साडेचार तासांचा अनुबोधपट प्रकाशित झाला. १९४६ ते १९४८ या काळात जपानच्या युद्धनेत्यांवर जो आंतरराष्ट्रीय खटला चालला, त्याचे अमेरिकन सैन्याने केलेले व पुढे खुले झालेले चित्रीकरण निवडून, जोडून त्यांनी तो सिद्ध केला. अकरा न्यायाधीशांत आपले राधाबिनोद पाल होते, आणि सर्व आरोपी निर्दोष आहेत असा भिन्नमताचा निकाल त्यांनी दिला होता, हे वाचकांस ठाऊक असेलच. तीस वर्षांपूर्वी कैदी शिपायांच्या दैनंदिन्या घेऊन बसलेला दिग्दर्शक आता जेत्यांचे अधिकृत चित्रीकरण घेऊन बसला होता. सरकारी नोंदीतूनच सरकारला नको असलेले वाचायचे, हे काम त्याला साइतोच्या वहीने शिकवले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

१९८५ साली त्यांनी शेवटचे चित्र काढले, आणि ४ ऑक्टोबर १९९६ रोजी ते वारले. एक मनोरथ अपुराच राहिला. यासुशी इनोउए यांची तुन्हुआंगवरची कादंबरी पडद्यावर आणावी असे त्यांच्या मनात पुष्कळ वर्षे होते. चीनच्या पश्चिम सरहद्दीवरच्या वाळवंटात, आक्रमणाच्या भयाने कोणीतरी सहस्रावधी हस्तलिखिते एका गुहेत ठेवतात, भिंत बांधून तोंड लिंपून टाकतात, आणि नऊशे वर्षे ती कोणाच्या हाती लागत नाहीत. ती गुहा १९०० साली सापडली. कादंबरीचा नायक परीक्षेस बसावयास निघालेला आणि ती हुकलेला एक उमेदवार आहे. हे चित्र १९८८ साली निघाले, ते जुन्या सातो या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हातून.